माईकवाल्या बाई

सकाळी सात वाजता आमच्या आळीत बाई दोनदा येतात. पहिल्यांदा त्या कचऱ्याच्या गाडीच्या भोंग्यातून येतात. ओला कचरा हिरव्या डब्यात टाका, सुका कचरा निळ्या डब्यात टाका, आपला गाव स्वच्छ ठेवून सहकार्य करा. दुसऱ्यांदा त्या स्वतः येतात, डोक्यावर पदर आणि दोन्ही हातांत दोन डबे घेऊन, आणि गाडीवाल्या पोराला म्हणतात, "आवाज कमी कर ना रे बाबू, सकारपासून डोस्कं खाऊन रायला." पोरगा भोंगा बंद करतो. भोंग्यातल्या बाई गप्प होतात आणि गाडीमागच्या बाई बोलू लागतात. आळीला शांतता अशी मिळत नाहीच.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यातलं, चुलबंद नदीच्या पट्ट्यातलं. धानाचं, तलावांचं, पोह्यावर तर्री ओतून खाणारं. पण माईकवाली बाई ही काही आमच्याच गावची मिरास नव्हे. तुमसरला जा, पवनीला जा, लाखनीला जा, एक तरी सापडेलच. ती सहसा जिल्हा परिषदेच्या शाळेतली मास्तरीण असते. तिचं पूर्ण नाव निम्म्या गावाला सांगता येत नाही. कार्यक्रमाच्या पत्रिकेवर अध्यक्ष असतात, उद्घाटक असतात, प्रमुख अतिथी आणि विशेष अतिथी असतात, शेवटी 'समस्त गावकरी' असतात. ती कुठेच नसते. पत्रिका छापणाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, "बाई तर हायेतच ना जी." सतरंजी जशी असते, तशा बाई असतात.

आमच्या बाईंचा आवाज उपजतच जाड. पडसं झालेल्या कोंबड्याने पहाटे पहिली बांग द्यावी, तसा. लहानपणी पोरी खेळायला घेत नसत. लग्नासाठी बघायला पाहुणे आले, तेव्हा बाईंनी आतून धाकट्या भावाला हाक मारली, आणि मुलाचे वडील अदबीने म्हणाले, "मुलीचे मामा आतच काय करून रायले? बोलवा ना त्यायले बाहेर." लग्न तरीही जमलं. बाईंचे यजमान, म्हणजे आमचे काका, तहसील कचेरीत कारकून. सबंध हयातीत मोठ्याने फक्त एकदाच बोलले, तेही अंगावर पाल पडली म्हणून. काका सांगतात, "घरात एकच आवाज पुरते. दोन झाले का भांडन होते."

बाईंच्या हाती माईक कसा आला, याच्या गावात दोन कथा आहेत. बाईंच्या कथेत गुणवत्ता आहे. माझ्या डोळ्यांदेखत घडलं ते असं. पंधरा ऑगस्ट, झेंडा वर गेलेला, राष्ट्रगीत झालेलं, आणि सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींच्या गालात खर्रा. आता खर्रा म्हणजे काय हे नागपूरच्या पलीकडच्या वाचकाला सांगायला हवं. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घालून तळहाताने इतकं घोटायचं की त्याचा ओलसर भुगा व्हावा. मग तो गालात धरून दिवसभर जगाशी हुंकारांत बोलायचं. समोर तिरंगा, बाजूला सरपंच, मागे पोरांची रांग. गुरुजींना थुंकायला पृथ्वीतलावर जागा नव्हती. त्यांनी वर आभाळाकडे पाहिलं, खाली रांगोळीकडे पाहिलं आणि माईक सरळ शेजारच्या बाईंच्या हातात दिला. पूर्व विदर्भात बायांना माईक मिळाला तो स्त्रीमुक्तीमुळे नव्हे, खर्र्यामुळे, असं माझं प्रामाणिक मत आहे. ज्यांची तोंडं रिकामी होती, त्यांच्याकडे तो गेला.

त्या दिवशी गावाला कळलं की माईकसमोर बाईंचा आवाज बदलतो. जो आवाज घरात फाटक्या गोणपाटासारखा लागतो, तोच भोंग्यातून पितळी हंड्यासारखा घुमतो. भंडाऱ्याला पितळी भांड्यांचं गाव म्हणतात, तेव्हा ही उपमा मी फुकट वापरतो आहे.

आवाजापेक्षा मोठी गंमत भाषेची. बाई घरी झाडीबोली बोलतात. आमच्या या बोलीत 'ळ' नाही आणि 'ण' नाही. डोळा म्हणजे डोरा, काळा म्हणजे कारा, पाणी म्हणजे पानी. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीसाठी जन्म वेचला, तिला शहाण्यांच्या पंगतीत पाट मिळवून दिला. पण माईक हातात आला की बाईंना बोरकरही थांबवू शकत नाहीत. सगळे 'ळ' एकदम गोळा होऊन येतात. जिथे नाहीत तिथेही येतात. 'सर्व मान्यवर मंडळी'तला 'ळ' त्या इतका लांबवर नेऊन सोडतात की दुसऱ्या टोकाला बसलेला म्हातारा मान काढून तो कुठे पडला ते पाहतो. एकदा कार्यक्रम चालू असताना नातेवाइकाचं बकरू मांडवात शिरलं. बाई माईकवर म्हणाल्या, "कृपया आपापली जनावरे आवरावीत." मग माईकवर तळहात ठेवून म्हणाल्या, "हाकला ना वो त्याले, माह्या कारजात धडकी भरली." दोन्ही वाक्यं सगळ्या गावाला ऐकू गेली, कारण तळहाताने माईक बंद होतो हा आपल्याकडचा जुना गैरसमज आहे.

माईकवर फुंकर मारणाऱ्यांचा त्यांना भयंकर तिटकारा. "फुकाले चूल हाये ना घरी," म्हणतात.

दिवाळीची भाऊबीज झाली की आमच्याकडे मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू होते, आणि मंडईच्या मागे नाटकं. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या चार जिल्ह्यांची झाडीपट्टी रंगभूमी. तिची राजधानी वडसा, आम्हाला लाखांदूरवरून जवळच. रात्री नऊ-दहाला पडदा उघडतो आणि कोंबडा आरवल्यावर पडतो. थंडीत अंगावर घोंगडी-चादरी घेऊन हजारो माणसं रात्रभर बसतात. पुण्यामुंबईच्या नाटकवाल्यांना हे सांगितलं की ते आधी हसतात, मग गप्प होतात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुण्यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा बाईंनी ती बातमी भोंगा लावून गावात फिरवली. कुणी सांगितलेलं नसताना. ऑटोचं पेट्रोल काकांनी भरलं.

बाई स्वतः कधी मंचावर गेल्या नाहीत. विंगेत असत. नाटकातली आकाशवाणी त्यांची, पाळण्यातल्या पोराचं रडणं त्यांचं, दूरवरचं कुत्रं त्यांचं, आणि 'पुढील अंक थोड्याच वेळात' हेही त्यांचंच. एका वर्षी मात्र त्या मंचावर न जाता मुख्य नटी झाल्या.

झालं असं की आलेल्या कंपनीच्या नायिकेचे लागोपाठ तीन गावांत तीन रात्री प्रयोग झालेले. मार्गशीर्षातलं दहिवर डोक्यावर पडून पोरीचा गळा असा बसला की फक्त हवा बाहेर येई. मांडव भरलेला, तिकिटं फाटलेली. मालक बाईंच्या पाया पडायला आला. बाई म्हणाल्या, "पाया नोको पडू, वही दे." विंगेत खुर्ची टाकली, डोळ्यांवर चष्मा, मांडीवर वही, तोंडापुढे माईक. मंचावर पोरगी ओठ हलवील, विंगेतून बाई बोलतील, असं ठरलं.

पहिला अंक उत्तम गेला. नायिका अठरा वर्षांची आणि आवाज चाळिशीतल्या मुख्याध्यापिकेचा, पण लोक म्हणाले, आज हिरोईन भारी जोरात आहे. नायक पहिल्याच प्रवेशात जरा दचकला. प्रेमाचा संवाद ऐकून त्याला आपण गृहपाठ केला नसल्यासारखं वाटलं असावं. दुसरा अंकही निभावला. तिसऱ्या अंकात नायिका विष घेते. आता त्या वहीवर आदल्या गावात कुणीतरी चहा सांडलेला, आणि नेमकी विषाची पानं चिकटलेली. पोरीने पेला तोंडाला लावला, चार पावलं लडखडली आणि व्यवस्थित मेली. बाई अजून मागच्या पानावर होत्या. मंचावर प्रेत निश्चल आणि भोंग्यातून खणखणीत आवाज, "नाथ, मी विष घेऊ की नको, ते एकदा सांगा!"

मांडवात एक क्षण शांतता. विंगेत बाईंचा चष्मा घसरला, पण वाक्य सुरू केलं की पूर्ण करायचं ही मास्तरीण बाईंची शिस्त, त्यामुळे पुढचीही दोन वाक्यं आली. नायक मुरलेला होता. त्याने प्रेताकडे पाहिलं, भोंग्याकडे पाहिलं, दोन्ही हात वर केले आणि हंबरडा फोडला, "देवा! कुडी गेली, पण तिचा आत्मा अजून मलाच विचारतो आहे!" मांडव उसळला. वन्स मोअर, वन्स मोअर! पोरगी उठली, पुन्हा विष प्याली, पुन्हा मेली, आणि आत्म्याने पुन्हा विचारलं. पुढे त्या कंपनीने तो प्रवेश तसाच कायम केला म्हणतात. बाई दर वेळी गोष्ट सांगताना पेल्याचा आवाजही काढतात.

त्यानंतर तालुक्याबाहेरही बोलावणी येऊ लागली. महाशिवरात्रीला तुमसर तालुक्यातल्या गायमुखच्या यात्रेत हरवलेल्या पोरांची घोषणा बाईंनी केली की आया पळत येत. पोर सापडल्याच्या आनंदापेक्षा बाई आता आणखी काही बोलतील या धाकाने. एका वर्षी तिथे काकाच हरवले. बाईंनी माईकवर सांगितलं, "पांढरा सदरा, काळी टोपी, वय वर्षे पंचावन्न, प्रकृती शांत. असे गृहस्थ कुणास आढळल्यास त्यांनी कृपया मंडपात आणून सोडावे." दहा मिनिटांत लोकांनी पांढऱ्या सदऱ्यातले सात गृहस्थ आणून सोडले. काका त्यांत नव्हते. ते मंडपामागे उसाचा रस पीत बसले होते. घोषणा त्यांनी ऐकली होती. "वीस वर्षांत पयल्यांदा मले 'गृहस्थ' म्हनत होती," ते मला म्हणाले. "म्हनून आयकत बसलो."

मग पेन ड्राईव्ह आला. आधी घोषणा म्हणजे ऑटोत बसून, घसा फोडून, गावोगाव फिरणं. आता मोबाईलच्या दुकानावर एक खोली, भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, एक लॅपटॉप आणि एक पोरगा. त्याने पहिल्याच दिवशी कानाला यंत्र लावून बाईंना सांगितलं, "बाई, तुमचे श्वास मी काढून टाकले." बाई घरी येऊन दोन तास खाटेवर पडून होत्या. श्वास काढलेल्या बाई मात्र ऑटोवर बसून साऱ्या तालुक्यात हिंडत होत्या.

पैसे एकदाच मिळत, आवाज कायमचा जाई. बटाटे-कांदे, डोळ्यांचं शिबिर, साड्यांचा सेल, कर्जवसुली, सगळीकडे बाई. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन्ही पॅनलनी बाईंकडूनच रेकॉर्डिंग करून घेतलं. बाईंनी दोघांनाही नाही म्हटलं नाही, कारण दोघांचीही पोरं त्यांच्या वर्गात होती. प्रचाराच्या शेवटच्या दिवशी दोन ऑटो चौकात समोरासमोर आले. एकातल्या बाई म्हणाल्या, कपबशीलाच मत द्या. दुसऱ्यातल्या बाई म्हणाल्या, भूलथापांना बळी पडू नका, शिट्टीलाच मत द्या. अर्धा तास बाईंनी बाईंना हार जाऊ दिलं नाही. तिसऱ्या बाई भाजी घेत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "दोघीबी खोट्या बोलून रायल्या."

यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, पण एक गोष्ट मला तेव्हापासून खुपते. आवाज एकदा पेटीत गेला की तो माणसाचा राहत नाही. रेल्वेच्या फलाटांवर प्रवाशांना सावध करणाऱ्या सरला चौधरी 1982 साली मध्य रेल्वेत लागल्या. पुढे घोषणा संगणकावर गेल्या, त्या स्वतः दुसऱ्या खात्यात गेल्या, आणि आवाज गाड्यांच्या येण्याजाण्याचं सांगत फलाटावरच राहिला. सोडून गेलेल्या माणसाला निरोप देता येतो. राहिलेल्या आवाजाला कुणी द्यायचा?

आमच्या बाईंना निरोप मात्र दिला गेला. अठ्ठावन्न पूर्ण झाली, शाळेने समारंभ ठेवला, आणि ऐन वेळी लक्षात आलं की सूत्रसंचालन करायला कोणी नाही. तीस वर्षं बाईच करत आल्या होत्या. मग बाईंनीच केलं. "आता आपल्या सर्वांच्या लाडक्या बाई आपले मनोगत व्यक्त करतील, मी त्यांना विनंती करते," असं म्हणून त्या माईकपासून दोन पावलं मागे गेल्या, पदर सारखा केला, पुन्हा पुढे आल्या आणि म्हणाल्या, "सूत्रसंचालिकाबाईंचे आभार." मानपत्र वाचायलाही त्याच. 'ज्यांचा आवाज या परिसराच्या कानाकोपऱ्यात' इथे आल्यावर त्यांचा आवाज फाटला. घरचा, गोणपाटाचा आवाज. माईकवर तो गावाने पहिल्यांदा ऐकला. मागून कुणी तरी म्हणालं, "बॅटरी उतरली वाटते."

निवृत्तीनंतर नातू आला. मुलगा पुण्याला नोकरीला, नातू उन्हाळ्यात इथे. पोरगा टीव्हीला डोळे लावून बसतो तो जेवायलाही उठत नाही. बाईंनी एक दिवस शेजारी बसून पाहिलं. निळं, गोल, बिनकानाचं मांजर, आणि डोळे कपाळभर.

"याचं नाव काय रे?"

"डोरेमॉन."

"बरोबर हाये," बाई म्हणाल्या. "डोरे एवढाले हायेत, दुसरं काय म्हनन त्याले?"

टीव्हीतल्या मांजराचं नाव झाडीबोलीतून पडलं असावं अशी त्यांची पक्की समजूत झाली, आणि ती मोडण्याचं धाडस माझ्यात नाही. पण आवाजाकडे त्यांचा कान गेला. बोलणारं मांजर नर आहे की मादी, पोर आहे की बाई? "बाईच हाये," त्या म्हणाल्या. "बाप्या एवढा वेर खोटा आवाज काढूच शकत नाही. अर्ध्या तासात त्याले चहा लागते."

मी मोबाईल काढला. हिंदीतला डोरेमॉन सोनल कौशल यांचा. शेजारच्या कार्टूनमधला निंजा हातोडी हिंदीत बोलतो तो आपल्या मेघना एरंडे यांच्या गळ्यातून. हे ऐकून बाईंची मान ताठ झाली. "मराठीच पोरगी ना?" मग मूळ जपानीकडे गेलो. तिकडे हा स्वतंत्र पेशा आहे, त्याला 'सेइयू' म्हणतात, आवाजाचा नट. चित्र आधी तयार होतं, मग पडद्यासमोर तीन-चार माईक, नटनटी वह्या घेऊन उभ्या, ज्याचं वाक्य आलं तो पुढे सरकतो. वहीचं पान उलटताना आवाज होऊ द्यायचा नाही.

"पानं चिकटत नाहीत का जी त्यायची?" बाईंनी पहिला प्रश्न विचारला.

लहान मुलांचे आवाज तिथे बहुतेक बायकाच काढतात, कारण पोरांचा आवाज बाराव्या-तेराव्या वर्षी फुटतो आणि मालिका चालतात वर्षानुवर्षं. मासाको नोझावा नावाच्या बाई, जन्म 1936 चा, 1986 पासून 'ड्रॅगन बॉल'मधल्या गोकूचा आवाज देतात. गोकूचाच नव्हे, त्याच्या बापाचा आणि त्याच्या दोन पोरांचाही. म्हणजे आजोबा, बाप आणि नातवंडं एकमेकांशी भांडतात ते सगळं एकाच आजीच्या पोटातून. बाईंना यात विशेष काही वाटलं नाही. चौकातल्या दोन ऑटोंचा अनुभव गाठीशी होता. "आपल्या इकडं आधी बाप्ये लुगडं नेसून बाया होत," त्या म्हणाल्या. "तिकडं बाया पोट्टे होतात. फिटंफाट झाली."

मग मी त्यांना नोबुयो ओयामांचं सांगितलं. जुन्या डोरेमॉनचा जपानी आवाज. जन्म 1933, टोकियो. लहानपणी आवाज जाड, घोगरा. शाळेत पोरं चिडवत, तर या बोलेनाशाच झाल्या. आई म्हणाली, आवाज लपवू नकोस, वापर. मग शाळेच्या प्रसारण मंडळात नाव घातलं.

बाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला.

1979 साली त्या डोरेमॉन झाल्या. त्याआधी 1973 मध्ये एक मालिका येऊन गेली होती, तिच्यात आधी एका पुरुषाने हा आवाज दिला आणि नंतर याच नोझावांनी. पण ओयामांचा आवाज ऐकल्यावर डोरेमॉनचे जनक फुजिको एफ. फुजिओ यांनाच वाटलं की अरे, याचा आवाज असा होता तर. सव्वीस वर्षं हा आवाज चालला. 2005 च्या मार्चमध्ये सगळीच जुनी मंडळी एकदम थांबली. डोरेमॉन, नोबिता, शिझुका, जियान, सुनिओ, पाचही. एप्रिलपासून नवे आवाज. मांजराचं वय वाढलं नाही, नोबिता पाचवीतून सहावीत गेला नाही, फक्त त्यांच्या आतली माणसं म्हातारी झाली होती. ओयामा तेव्हा एकाहत्तरच्या होत्या.

"एकाहत्तर!" बाई म्हणाल्या. "अन् मले अठ्ठावन्नले काढलं." पुढे त्यांनी विचारलं, "निरोपाले सूत्रसंचालन कोनी केलं?" ते मला माहीत नव्हतं.

पुढचं सांगावं की नाही या विचारात मी होतो, पण बाईंना पान अर्धवट सोडलेलं चालत नाही. 2015 साली ओयामांच्या यजमानांनी जाहीर केलं की त्यांना स्मृतिभ्रंश झाला आहे. 2024 च्या सप्टेंबरात वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्या गेल्या. नोबिताचा आवाज देणाऱ्या नोरिको ओहारा त्याच वर्षी जुलैत गेल्या होत्या. बाई बराच वेळ निळ्या मांजराकडे पाहत राहिल्या. ते मुकाट्याने ओठ हलवत होतं.

"मंग जुने कार्टून बंद केले का त्यायनं?"

"नाही. ते तर आहेतच."

"म्हंजे आत्मा बोलून रायला," बाई म्हणाल्या आणि भाजी चिरायला उठल्या.

त्या संध्याकाळपासून बाईंनी डोरेमॉनचा आवाज बसवायला घेतला. मोरीत, देवापुढे, तांदूळ निवडताना. काका ओसरीवर येऊन बसू लागले. आठ दिवसांनी, पोरगा नेहमीसारखा टीव्हीला चिकटलेला असताना, बाई स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या राहिल्या. पदर खोचला, गळा साफ केला आणि बारीक, गोल, लाडिक आवाजात जेवायला हाक मारली. मी तिथेच होतो. खरं सांगतो, आवाज वाईट नव्हता. पोराने मान वळवली. दाराकडे पाहिलं. डोळे मोठे झाले. आम्ही सगळे श्वास धरून.

"आजी," तो म्हणाला, "तू ती कचऱ्याची गाडी आहेस ना?"

मग पळत जाऊन त्याने मोरीतला निळा डबा आणला.

बाई इतक्या हसल्या की त्यांना पाटावर बसावं लागलं. त्या दिवसापासून नातू हाकेसरशी जेवायला येतो. हाक एवढीच, "ओला कचरा!" म्हणजे आमटी-भात. "सुका कचरा!" म्हणजे पापड-कुरडया. काका पूर्वीपासूनच दोन्हीला येतात.

यंदा कचरागाडीचा ठेका बदलला. नव्या ठेकेदाराने गाडीवर संगणकाने बनवलेला आवाज लावायचं ठरवलं. एक दिवस तो वाजलाही. गोड होता, शुद्ध होता, प्रत्येक 'ळ' जागच्या जागी. आळीतली एकही बाई डबा घेऊन बाहेर आली नाही. कुणाला ती आपली गाडीच वाटली नाही. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने जुना पेन ड्राईव्ह शोधून पुन्हा लावला. बाईंना कुणी विचारलं नाही, पैशांचा तर प्रश्नच नव्हता. मी म्हटलं, तक्रार करू या. बाई म्हणाल्या, "राहू द्या. पन त्या पोट्ट्याले सांगा, माहे श्वास परत टाक म्हना. लई दमल्यासारखी बोलते ती."

त्या पेन ड्राईव्हमध्ये एक चूक राहिली आहे. कचऱ्याची घोषणा संपली की पुसायची राहून गेलेली एक जुनी जाहिरात वाजते, 'आज रात्री ठीक नऊ वाजता' अशी. ते नाटक होऊन चार मंडया उलटल्या. बाहेरगावचा कुणी पाहुणा हमखास विचारतो, तिकीट कुठे मिळेल. तेव्हा तुम्ही कधी आमच्याकडे आलात तर नाटकाला जाऊ नका, ते झालं. सात वाजता गाडी येते. ओलं हिरव्यात, सुकं निळ्यात टाका.